एकदा उतरलेला पारा

माझ्या पंच्याहत्तरीच्या समारंभात, शिरूरच्या एका मंगल कार्यालयात, भरल्या सभेत माझ्या पुतण्याने माझा आजार माझ्याकडून काढून घेतला. पुतण्याचे नाव सुधाकर. तो महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. माझ्याविषयी चार शब्द बोलायला तो उभा राहिला आणि रेल्वेच्या इंजिनावर गेलेल्या माझ्या आयुष्याबद्दल बोलायचे सोडून माझ्या रक्तदाबाबद्दल बोलला.

"आबांचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात देतो," तो म्हणाला. "ज्या माणसांचा रक्तदाब पहिल्या मोजणीत फार वर जातो, त्यांतल्या बहुतेकांचा दुसऱ्या मोजणीत आपसूक सरासरीकडे परततो. औषध घ्या किंवा न घ्या. कारण पहिल्या आकड्यात थोडा माणूस असतो आणि थोडा त्या दिवसाचा योगायोग असतो. आबांचंही तेच झालं. श्रेय मात्र आबांनी गोळ्यांना दिलं आणि उरलेलं स्वतः घेतलं!"

सभा हसली. मागून कोणीतरी ओरडले, "म्हंजी आबांनी येवढी वर्सं आळणी कालवण फुकाटच खाल्लं व्हय!" तेव्हा सभा आणखी हसली.

गळ्यात हार असलेल्या माणसाला भांडता येत नाही, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. आता हार उतरला आहे.

माझ्या आजारपणाची ही एकच खोटी कथा असती तर मी लेखणी उचलली नसती. माझा मेहुणा दादू अजूनही सांगतो की मला देवऋषाच्या अंगाऱ्याने गुण आला. दौंडच्या इंजिन-शेडमधले जुने लोक सांगत की काशिनाथ, म्हणजे मी, इंजिनाला भ्याला. ही सगळी माझ्यावर माया करणारी माणसे आहेत आणि सगळी चुकीची आहेत. ज्यांना हा आजार नव्याने जडला आहे त्यांनी तो माझ्याकडून ऐकावा, कारण रक्तदाब मोजायचा पट्टा माझ्या दंडाला बांधलेला होता, त्यांच्या नव्हे.

भीमेच्या पुलावर

मोठ्या दुष्काळानंतरचे ते वर्ष. मी दौंड शेडचा पॅसेंजर ड्रायव्हर होतो आणि लवकरच मला मेलगाडी मिळणार होती. या वाक्यात किती वर्षे भरलेली आहेत हे रेल्वेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. घोड नदीकाठी, शिरूरजवळ, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतून कोळसा ओढायला आणि राख काढायला पुष्कळ जण रेल्वेत गेले होते. मीही तसाच गेलो. आधी इंजिन पुसले, मग फायरमन म्हणून कोळसा मारला, मग परीक्षा दिल्या. रेग्युलेटरवर, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्यावर, हात ठेवून गाडी हाकणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस मी. माझे वडील नुसता धूर पाहायला शिरूरहून दौंडला एसटीने येत.

त्या दिवशी नगरकडून गाडी घेऊन येत होतो. काष्टी मागे पडले आणि भीमेच्या पुलावर माझ्या ओठांना काहीतरी कोमट लागले. मला वाटले घाम असेल. फायरमन किंचाळला, "ड्रायव्हरसाब, रगत!"

नाकातून धार लागली होती. एका हाताने मी पुसायच्या कापडाचा बोळा नाकाशी धरला आणि दुसऱ्या हाताने गाडी दौंडात आणली. शेडमध्ये पुढे असे सांगितले गेले की फायरमनने गाडी आणली आणि मी खाली बसलो होतो. हे असत्य आहे. गाडी मी आणली आणि फलाटावर ती जिथे थांबायची तिथेच थांबवली. उतरणाऱ्यांपैकी एकालाही धक्का बसला नाही.

रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर लिमये नावाचे गृहस्थ होते. कमी बोलणारे आणि बोलले तर टोचणारे. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काचेच्या नळीत चढलेला पारा पाहिला आणि काही न बोलता दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. डॉक्टर गप्प राहून दुसरा दंड मागतो तेव्हा माणसाने समजून घ्यावे.

"डोकं किती दिवस दुखतंय?"

"इंजिनावर कोणाचं दुखत नाही, डॉक्टर?"

"मी इंजिनाचं विचारलं नाही. तुमचं विचारलं."

 त्यांनी मला सिकमध्ये घातले, म्हणजे गाडीवरून उतरवले. मेलगाडीचे स्वप्न त्या एका रेघेवर येऊन थांबले. मी खुर्चीतून ताडकन उठलो आणि ओरडलो, "एकदा मोजलंत आणि उतरवलंत? बाजारात बैल घेणारासुद्धा दोनदा दात बघतो!"

"बसा," ते म्हणाले. "दोनदा नाही, महिनाभर बघणार आहे. पहिल्या पाऱ्यावर मी कोणालाच ओळखत नाही."

हा माणूस माझ्या बाजूचा आहे, हे मला तेव्हा कळले नाही.

खाट

माझ्या भीतीबद्दल लिहितो, कारण ती लपवण्याचे वय गेले. मला मरणाचे भय नव्हते. वडील भर दुपारी विहिरीवर पाणी शेंदताना कोसळले होते. त्यांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लोंबकळला आणि पुढे ते खाटेवर पडून राहिले. बोलायला गेले की शब्दाऐवजी लाळ येई. डॉक्टरांनी मला पारा सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा तो उजवा हात आला. रेग्युलेटर धरणारा माझाही हात उजवाच होता.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर इस्माईल शेख होता. तोही ड्रायव्हर, माझ्याच बॅचचा, मेलच्या रांगेत माझ्या पाठोपाठचा. ठरलेल्या तपासणीसाठी आला आणि पकडला गेला. त्याचा आणि माझा पारा पहिल्या दिवशी एकाच रेघेवर थांबला होता. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे, कारण सगळे भांडण इथून सुरू होते.

"काशी, तू बी आला? चला, कंपनी झाली," तो मला पाहून म्हणाला.

दवाखान्याचा दिवस एकसारखा असे. सकाळी सिस्टर ताप बघे, मग चहा, मग पारा. दुपारी जेवण, पडून राहणे, पुन्हा पारा. मोजण्याआधी खुर्चीत शांत बसायचे आणि बोलायचे नाही, असा दंडक होता. आम्हां दोघांना पडून राहण्यापेक्षा न बोलणे कठीण गेले. जेवणात मीठ नसे. पहिल्या दिवशी इस्माईलने वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि गंभीर आवाजात विचारले, "सिस्टर, ये दाल है के दाल का जनाजा?" सिस्टर हसू दाबत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने आम्हांला लिंबाची फोड आणून दिली. आजारपणात लिंबाच्या फोडीएवढी दया पुष्कळ होते.

खिडकीतून यार्ड दिसत नसे, पण ऐकू येई. कोणते इंजिन आहे, कोण चालवतो आहे, हे आम्ही आवाजावरून सांगत असू. पोचणाऱ्या गाडीचा ब्रेक कोणी खडबडून मारला तर इस्माईल खाटेवरून शिवी देई आणि दुपारी त्याचा पारा चढे.

औषध अजून सुरू केले नव्हते. मी कारण विचारले, तेव्हा डॉक्टरांनीच उलट विचारले, "इंजिनातल्या वाफेच्या काट्याकडे तुम्ही कसं बघता?"

"एकदा हलला तर बघत नाही. हलून कुठे परत येतो ते बघतो."

"मग तेच चाललंय. प्रत्येक माणसाचा एक मधला मुक्काम असतो. पारा त्याच्या वरखाली फिरतो. तुमचा मुक्काम कुठे आहे ते कळल्याशिवाय गोळी दिली, तर उतरला तो गोळीने की फिरत फिरत, हे मला कळणार नाही. तुम्हालाही नाही."

इस्माईल गेला

इस्माईलचा पारा उतरला. एका दिवसात नव्हे. पण आठवड्याभरात तो खाली आला आणि खालीच फिरू लागला. पहिल्या दिवशीचा आकडा त्याचा नव्हताच. तो आदल्या रात्रीच्या जागरणाचा, घरातल्या कसल्याशा भांडणाचा आणि तपासणीच्या धास्तीचा होता. डॉक्टरांनी त्याला फिट लिहून दिले. पिशवी भरताना तो आनंदाने माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "तेरा भी उतरेगा, काशी. मेरा उतरा ना?"

मी डॉक्टरांना गाठले. "माझाही उतरेल ना?"

"बहुतेकांचा उतरतो."

"त्या बहुतेकांत मी आहे का?"

"ते मी सांगू शकत नाही. तुमचा दंड सांगेल."

सुधाकर जन्मलाही नव्हता तेव्हा त्याचा सिद्धान्त मी दौंडच्या दवाखान्यात असा शिकलो. पहिल्या दिवशी ज्यांचा पारा फार वर होता अशा शंभर ड्रायव्हरांना पुन्हा मोजा. बहुतेकांचा खाली येईल. मान्य. परंतु त्या शंभरांत इस्माईल कोण आणि काशिनाथ कोण हे नियमाला ठाऊक नसते. दोघांचा पारा एकाच रेघेवर होता. एक जण योगायोगाने तिथे चढला होता. दुसरा तिथे राहत होता.

माझा उतरला नाही. वरखाली झाला, पण दमून बसावे तसा पुन्हा पुन्हा त्याच उंचीवर येऊन बसला.

अंगारा

याच सुमारास दादू अवतरला. दादू हा माझ्या पत्नीचा, शांताचा, धाकटा भाऊ. शिरूरच्या बाजारात त्याचा कांद्याचा धंदा होता. आमच्या दोन्ही घरांनी धम्मदीक्षा घेतली होती. माझ्या वडिलांनी त्या वेळी देव्हारा घोड नदीत सोडला. दादूच्या घरच्यांनी माळ्यावर ठेवला. एवढाच आम्हां दोघांच्या स्वभावातला फरक.

एके दिवशी माझा पारा फार वर गेला. शांता घाबरली आणि तिने भावाला निरोप धाडला. दादू कुठल्याशा देवऋषाकडे जाऊन अंगारा घेऊन दौंडला आला. मी तो लावून घ्यायला नकार दिला. "दाजी, तुम्ही नगा मानू, पर ठिवायला काय जातंय?" असे म्हणून त्याने पुडी माझ्या नकळत उशीखाली सारली. दुसऱ्या दिवशी पारा उतरला. तेव्हा त्याने पुडी काढून सगळ्या वॉर्डाला दाखवली.

"बघा! ह्यो पुरावा. आता तरी मानताय का?"

तिसऱ्या दिवशी पारा पुन्हा चढला.

"तुम्ही संशेव घेतला म्हनून," दादू म्हणाला.

पारा उतरला तर देवऋषी मोठा, चढला तर माझा स्वभाव खोटा! असा न्याय मी रेल्वेच्या चौकशीतही पाहिला नाही. मी त्याला विचारले, "दादू, तू देवऋषाकडं कवा गेलास?"

"तुमचा पारा लई चढला तवाच की."

"उतरला असता तर गेला असतास?"

"तवा कशापायी जाईन?"

"मग शिखरावरून जो तो खालीच येनार. त्यात पुडीचं काय?"

दादूने थोडा विचार केला आणि म्हणाला, "दाजी, तुमी लई शिकलाय, म्हनून तुमाला गुन यायला येळ लागतोय." या माणसाशी वाद घालून माझा पारा चढतो, असे मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी भेटीची वेळ कमी केली. इथे, आणि फक्त इथे, सुधाकरचा नियम मला संपूर्ण मान्य आहे. तो अंगाऱ्याविरुद्ध चालतो. माझ्याविरुद्ध चालत नाही.

फिट

आता शेडच्या कथेकडे येतो.

आम्हां ड्रायव्हरांत एक रीत होती. मेडिकल तपासणी असली की आधी चार दिवस कच्चा लसूण खायचा, ताक प्यायचे, पडून राहायचे, आणि ज्या दिवशी पारा खाली येईल त्या दिवशी लगेच फिट घ्यायचे. 'उतरल्या पाऱ्याला फिट' असेच म्हणत. चढला तर डॉक्टरच्या यंत्राचा दोष. उतरला तर तो आपला खरा आकडा. सगळे असेच करत आणि यात कोणाला खोटे वाटत नसे. पोट इंजिनावर होते.

महिना संपत आला तेव्हा शेडमधल्या दोघांनी मला लसणाच्या पाकळ्या आणून दिल्या. मी खाल्ल्या. शांता कपड्यांची पिशवी घेऊन दारात येऊन बसली. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि पारा उतरला. चांगला उतरला. त्या महिन्यात एवढा खाली तो कधीच आला नव्हता. नियमात बसत होता.

"आज मी फिट लिहू शकतो," डॉक्टर म्हणाले. "लिहू?"

 मेलगाडीची जागा अजून भरली नव्हती.

"उद्या मोजला तर?"

"उद्याचं नियम विचारत नाही."

"मी विचारतोय."

त्यांनी चष्मा काढला. "महिन्यातला सर्वांत वरचा आकडा जसा तुमचा नव्हता, तसा सर्वांत खालचाही बहुधा तुमचा नाही. उद्या वर जाईल असं मला वाटतं. पण तुमच्या बाबतीत खात्रीनं सांगता येणार नाही. कायद्यानं तुम्ही आज फिट आहात."

मी त्या खुर्चीत बसून होतो, आणि महिन्यापूर्वी याच खुर्चीतून मी ओरडलो होतो की एका मोजणीवर माणसाला उतरवू नका. ते मी रागाने म्हटले होते, पण खरे म्हटले होते. मग एका मोजणीवर मी चढायचे कसे? वर जाणारा आकडा परका आणि खाली येणारा आकडा घरचा, हे दादूचे शास्त्र झाले. आणि मला तो उजवा हात आठवला. भीमेच्या पुलावर माझा तसा हात लोंबकळला, तर मागच्या डब्यांत बसलेल्यांना कोणाची सरासरी वाचवणार होती?

"नका लिहू," मी म्हणालो.

शेडची कथा अशी की मी थरथर कापत होतो आणि डॉक्टरांच्या पाया पडून मला इंजिनावर पाठवू नका म्हणालो. माझा पारा त्या घटकेला महिन्यातला सर्वांत खालचा होता. भ्यालेल्या माणसाचा पारा खाली येतो, असे ज्याला वाटते त्याने तो स्वतः एकदा मोजून घ्यावा.

शांता मात्र भडकली. दवाखान्याच्या पायरीवरच तिने मला धरले.

"आवं, डागदर द्यायला बसलाय आन् तुमी नगं म्हंता? डोस्कं ठिकान्यावर हाय का?"

"पारा खोटा उतरलाय."

"चढला तवा खरा, उतरला तवा खोटा! समदं तुमच्याच मनाचं. लोकं कायबी करून फिट घेत्यात आन् माझा नवरा घरी चालून आलेलं परत धाडतोय. ह्यो ताठाच तुमाला खानार."

"गाडीत मानसं असत्यात, शांता."

"आन् घरात काय हायती?"

  तिने पिशवी माझ्या पायांशी ठेवली आणि एकटी क्वार्टरकडे चालू लागली. कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली.

दुसऱ्या दिवशी पारा वर गेला. तिसऱ्या दिवशी आणखी वर, आणि मग नेहमीच्या जागी येऊन बसला. सुधाकर म्हणेल, "आबा, हेच तर मी म्हणतो, सरासरीकडे परतला!" बरोबर. माझ्या सरासरीकडे. शंभर जणांच्या नव्हे. परतण्याचा नियम खाली ढकलतो तसा वरही ढकलतो, हे त्याने सभेत सांगितले नाही. सांगितले असते तर हशा आला नसता.

मुक्काम हलला

मग गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्याबद्दल खरे सांगतो. त्या काळच्या गोळ्यांनी नाक चोंदे, अंग जड होई आणि मन असे खचे की सकाळी चपला घालायला वाकावेसे वाटत नसे. मी, जो साहेबांशीही आवाज चढवून बोलत असे, तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. ज्यांना असे होते त्यांनी ते डॉक्टरांना सांगावे. आपण नामर्द झालो असे समजू नये. मी समजलो होतो. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मी पुन्हा भांडू लागलो. शांताने शेजारणीला सांगितले, "आता बरं वाटतंय ह्यास्नी, काल दूधवाल्यावर वरडलं."

मिठाचे तिने कधी बोलून दाखवले नाही. एके दिवशी मी चुकून तिच्या ताटातले कालवण चाखले. तेही आळणीच होते. सगळ्या घराचे आळणी होते. "दोन-दोन भांडी कोन घासनार?" एवढेच ती म्हणाली. कारळाची चटणी, लिंबू, भाजलेला कांदा यांवर तिने तो संसार रेटला. सभेत ज्याने आळणी कालवणावर विनोद केला त्याला हे ठाऊक नव्हते की ते मी एकट्याने खाल्ले नाही.

पारा हळूहळू उतरला. पण या वेळी कसा उतरला ते पाहा. वरचे आकडे खाली आले, तसे खालचेही आणखी खाली गेले. काटा हलायचा तेवढाच हले, पण परत येऊन बसे तो नव्या जागी. मुक्कामच हलला होता. पुढे डॉक्टरांनी, मला सांगून, काही दिवस गोळी थांबवून पाहिली. पारा जुन्या मुक्कामी गेला. गोळी सुरू केली, नव्या मुक्कामी आला. हा पुरावा शंभर माणसांचा नाही. एका माणसाचा आहे, आणि त्या माणसाच्या बाबतीत मला तोच पुरेसा वाटतो.

समारंभानंतर मी सुधाकरला घरी बोलावून हे सगळे सांगितले. तो हुशार आहे. त्याने लगेच दुसरीकडून वार केला.

"आबा, इस्माईलचाचांनी फिट घेतलं. मेल चालवत सुखरूप रिटायर झाले. त्यांना काय झालं? काही नाही. तुम्हीही घेतलं असतं तर काही झालं नसतं."

"नसतं झालं, असं धरून चाल."

"मग मेल गेली ती फुकट गेली की!"

"सुधाकर, इस्माईलला काही झालं नाही, कारण तो इस्माईल होता. मला काय झालं असतं ते कोणालाच माहीत नाही, तुलाही नाही. मला जेवढं मोजलेलं ठाऊक होतं तेवढ्यावर मी ठरवलं. पुढं काही घडलं नाही म्हणून ते ठरवणं चूक होत नाही."

तो मग म्हणाला, "हे वर्गात सांगू का?"

"सांग. पण नाव घालून सांग. आणि शांताकाकूचंही घाल."

यार्ड

शेवटी, गोळीवर चालणाऱ्याला मेल नको म्हणून, रेल्वेच्या वैद्यकीय बोर्डाने माझी कॅटेगरी उतरवली. लांबच्या गाड्या बंद. दौंडच्या यार्डात शंटिंगचे इंजिन मिळाले, म्हणजे डबे इकडून तिकडे ढकलायचे, जोडायचे, तोडायचे. शेजारच्यांनी शांताला सहानुभूती दाखवली. दादू म्हणाला, "अंगारा लावला असता तर मेल मिळाली असती." शेडमध्ये माझी पाठ वळली की कुजबुज होई, ती मला ऐकू येत असे. इंजिनावर काम केलेल्या माणसाला लोक बहिरा समजतात, ही त्यांची चूक.

पहिल्या दिवशी माझ्या हाताखालच्या फायरमनने विचारले, "ड्रायव्हरसाब, मेलवाल्यानं डबं ढकलायचं, वंगाळ वाटत आसंल?"

"तू कोळसा मार," मी म्हणालो. "आणि पातळ मार. ढीग करू नकोस."

मी डबे असे जोडले की बफरला बफर टेकल्याचा आवाजही झाला नाही. रूळ बदलणारा पॉइंट्समन मागे वळून पाहू लागला. दुपारी मेल आली. इंजिनावर इस्माईल होता, माझ्या जागेवर. यार्डाजवळून जाताना त्याने मला पाहिले आणि शिट्टी दिली. नियमाची नव्हती ती, सलामाची होती.

दौंडात सांगतात की तेव्हा मी मान फिरवली आणि डोळे पुसले. हे असत्य आहे. मी उजव्या हाताने शिट्टीची दोरी ओढली, आणि माझ्या यार्डाच्या इंजिनाची शिट्टी मेलच्या शिट्टीपेक्षा जास्त वेळ वाजली.